थंडीतल्या द्राक्षांची ड्राय रिसलिंग, आणि रावेरच्या उन्हात तिचं काय झालं

तापीकाठचा | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायला बसलो. मी रावेर तालुक्यातला, घरी आजोबांपासून केळी. मधे साडेसहा वर्षं नोकरीसाठी अमेरिकेत रॉचेस्टरला होतो, वडिलांची बायपास झाली म्हणून गेल्या मार्चमध्ये परत आलो आणि आता पुन्हा केळीच. तिकडे एक नाद लागला, घरी वाइन करायचा, आणि त्यातही एकाच द्राक्षाची, रिसलिंग. ती पण ड्राय.

रॉचेस्टरपासून तासाभरावर फिंगर लेक्स म्हणून भाग आहे, सेनेका, क्युका, कायुगा असे लांबट अरुंद तलाव, नकाशात बोटं पसरल्यासारखे दिसतात. तिथे हिवाळ्यात उणे २० पर्यंत जातं, द्राक्षाची वेल खरं तर मरायला पाहिजे, पण तलाव एवढे खोल की ते सहसा गोठत नाहीत आणि काठच्या उतारांना थोडी ऊब देत राहतात. तरी १९५० पर्यंत सगळे म्हणायचे की युरोपातलं द्राक्ष इथे जगणारच नाही. मग युक्रेनहून आलेले कोन्स्टँटिन फ्रँक नावाचे गृहस्थ, त्यांनी योग्य खुंटावर कलमं करून लावून दाखवली आणि १९६२ मध्ये पहिली वाइन काढली, तीही रिसलिंगचीच. आता त्या भागाची ओळखच ती.

ऑक्टोबरात तिथले काही बागवाले घरी करणाऱ्यांना ताजा रस विकतात. आपण आपली बादली न्यायची, ते प्रेसमधून काढलेला रस भरून देतात. रंग बघून कोणी म्हणणार नाही की ह्याची वाइन होईल, आपल्याकडच्या उसाच्या रसासारखा हिरवट गढूळ, वास मात्र हिरवं सफरचंद आणि लिंबाच्या सालीचा. माझ्या शेवटच्या वर्षीचा रस २०.७ ब्रिक्स (म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण तेवढे ग्रॅम साखर), आम्ल लिटरला ९ ग्रॅमच्या वर, पीएच ३ च्या आसपास. घरी आणला, चिमूटभर मेटाबायसल्फाइट टाकलं (त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड जंतू मारतो), रात्रभर बाहेर थंडीत ठेवला, सकाळी गाळ खाली बसला आणि वरचा निवळ रस नळीने कार्बॉयमध्ये, म्हणजे काचेच्या मोठ्या बरणीत घेतला. एक कार्बॉय म्हणजे १९ लिटर. हे निवळणं महत्त्वाचं हं, गढूळ रस तसाच आंबवला तर पुढे वास बिघडतो.

यीस्ट ४० डिग्रीच्या पाण्यात भिजवून उठवायचं आणि मग त्यात थोडा थोडा थंड रस घालून त्याला सवय करायची, एकदम थंड रसात ओतलं तर बिचारं गारठून मरतं. बेसमेंटमध्ये तापमान १३-१४ डिग्री. तिथे ते टुप... टुप... करत २६ दिवस चाललं. घाई नाही. २५ डिग्रीला हेच काम आठवड्यात उरकतं पण मग तो सफरचंदाचा, फुलांचा वास सगळा बुडबुड्यांबरोबर उडून जातो, हातात उरतं फक्त अल्कोहोल आणि आंबटपणा. हायड्रोमीटर (रसाची घनता मोजायचं साधन) १.०८६ वरून ०.९९४ वर आला, म्हणजे साखर जवळपास संपली, १२ टक्के अल्कोहोल. हीच ड्राय.

पहिला घोट घेतला तर दात आंबले! कैरी खाल्ल्यावर आंबतात तसे. मग फेब्रुवारीपर्यंत ती तशीच मेलेल्या यीस्टच्या पातळ गाळावर ठेवली, जानेवारीत कार्बॉय गॅरेजमध्ये ठेवला तर तळाला खडीसाखरेसारखे स्फटिक बसले आणि तेवढा आंबटपणा उतरला. बाटल्या भरल्या मार्चमध्ये. सहा महिन्यांनी उघडली तेव्हा मात्र... काय सांगू. पावसाळ्यात पहिल्या सरीनंतर दगडी ओट्याला येतो तसा काहीतरी वास, वर लिंबू.

आता मूळ रडगाणं. परत येताना दोन बाटल्या आणल्या (दोन लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, दोन बाटल्यांचे दीडच होतात). घरी कोठीत धान्याच्या पिंपांमागे ठेवल्या, म्हटलं अंधार आहे, जुनं मातीचं घर आहे, गारवा असतो. मे महिन्यात बाहेर ४५-४६. जूनमध्ये काढल्या तर एकीचं बूच दोन मिलिमीटर वर आलेलं आणि खाली चिकट ओघळ. उघडली तर रंग चहासारखा, वास उकडलेल्या सफरचंदाचा आणि मागून रॉकेल. आई म्हणाली एवढं सात समुद्रापलीकडून आणलं ते हे का?

दिवाळीत मित्र आला, त्याने अजून दोन आणल्या. त्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात आहेत, वर मेथी खाली रिसलिंग. प्रश्न दोन. एक, ह्या दोन कशा जपू. दुसरा, सातपुड्यात वरच्या अंगाला, तोरणमाळ वगैरे, ही वेल लावून बघायला काय हरकत आहे? केळीवाल्याला हा प्रश्न पडणं हाच विनोद आहे म्हणा, थंडी पडली की आमची केळी निसवायला (घड बाहेर पडायला) लांबते, करपा येतो, आम्ही रात्री जागून बागेत पाणी सोडतो, आणि ह्या द्राक्षाला नेमकी तीच थंडी पाहिजे.

भरीत_एक्सपर्ट | शनिवार, रात्री ११:३२

काय भो, इतला खटाटोप करीसन शेवटले आंबटच लागनार शे त मंग लिंबूपानी काय वाईट शे? अन हाई ड्राय ड्राय काय ऱ्हास, वली चीज कोरडी कशी व्हई?

तापीकाठचा | शनिवार, रात्री ११:४०

हाहा भो, ड्राय म्हणजे गोड नसलेली एवढंच. सगळी साखर यीस्टने खाल्ली की ड्राय. ड्राय डेला मिळत नाही ती ड्राय नव्हे.

प्रशासक | रविवार, सकाळी ७:१५

धागा चांगला आहे, चालू द्या. फक्त एक: धागाकर्त्याने जे केलं ते अमेरिकेत केलं, तिथे स्वतःपुरती घरी वाइन करायला १९७८ च्या कायद्यापासून मुभा आहे, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय वाइन करणं गुन्हा आहे. त्यामुळे "इथे कशी करू" ह्या प्रश्नांना कृपया उत्तरं देऊ नका.

कोब्लेंझची_पाहुणी | रविवार, दुपारी १:०५

अरे वा, खान्देशात रिसलिंगचा धागा! मी मूळची शिरपूरची, गेली नऊ वर्षं जर्मनीत कोब्लेंझला आहे. इथे मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते, आपल्याकडे मुडावदला पांझरा तापीला मिळते ना अगदी तसा संगम, फक्त कपिलेश्वराच्या जागी घोड्यावर बसलेल्या कैसरचा पुतळा.

आधी उच्चार. रीस्लिंग. राइसलिंग म्हणू नका, इथले लोक तोंडावर हसतात (स्वानुभव).

हे द्राक्ष ह्याच भागातलं. रुसेल्सहाइमच्या १४३५ मधल्या एका हिशेबात रीस्लिंगच्या वेली विकत घेतल्याची नोंद सापडते, आणि १७८७ मध्ये ट्रियरच्या आर्चबिशपने (तोच तिथला राज्यकर्ता) फर्मानच काढलं की हलक्या जातीची द्राक्षं उपटा आणि चांगली लावा, त्यातून मोझेलवर रीस्लिंग पसरलं. आणि जागा कसल्या तर उभे कडे. ब्रेमजवळ काल्मोंट म्हणून बाग आहे, ६५ अंशांचा उतार. शेजारच्या कुटुंबाबरोबर मी तीन वर्षं काढणीला जाते, तिथे नाही, पण त्यांचीही बाग चांगलीच उभी आहे. एक पाय वर, एक पाय खाली, कात्री उजव्या हातात आणि डाव्या हाताने वेलीचा खांब धरायचा. पायाखाली काळ्या-निळ्या स्लेटच्या चिपा, आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड, तोच. दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ऊब सोडतो. ऑक्टोबरच्या शेवटी सकाळी बोटं बधीर, दुपारी स्वेटर काढावा लागतो, चारला परत घालावा लागतो. ते बघितलं की कळतं आम्ल कुठून राहतं.

आता ड्रायचं. लेबलवर "ट्रोकन" लिहिलेलं असेल तर ड्राय. नियम असा की लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते, आणि आम्ल जास्त असेल तर ९ पर्यंतसुद्धा चालते, फक्त साखर ही आम्लापेक्षा २ ग्रॅमहून जास्त नको. म्हणजे ७ ग्रॅम आम्ल तर ९ ग्रॅम साखर, तरी ती ड्रायच, आणि जिभेला खरंच ड्रायच लागते. "फाइनहर्ब" लिहिलं असेल तर थोडी गोडसर, त्याला कायद्यात व्याख्याच नाही, बनवणाऱ्याच्या मर्जीवर. "काबिनेट", "श्पेटलेजे" ह्या शब्दांवरून गोड की ड्राय ते कळत नाही, ते काढणीच्या वेळी रसात किती साखर होती त्यावरून आहेत. काहीच कळलं नाही तर अल्कोहोल बघा. ८ टक्के असेल तर साखर मागे राहिलीय, १२ च्या वर असेल तर बहुतेक ड्राय.

तापीकाठचा, तुमची ती पूर्ण ०.९९४ वाली जरा निष्ठुर वाटते हो मला. ९ ग्रॅम आम्लावर ४-५ ग्रॅम साखर ठेवली असती तर दात नसते आंबले.

तापीकाठचा | रविवार, दुपारी ३:२०

ताई, एकदम बरोबर आणि तुम्ही नेमक्या जखमेवर बोट ठेवलंत. दुसऱ्या वर्षी मी तेच करायला गेलो. लिटरला ६ ग्रॅम साखर उरली असताना कार्बॉय बर्फात ठेवून आंबवणं थांबवलं, गाळली नाही, सॉर्बेट (यीस्टला पुन्हा वाढू न देणारं रसायन) घातलं नाही, सरळ बाटल्या भरल्या. एप्रिलमध्ये बेसमेंट गरम झालं आणि उरलेलं यीस्ट जागं झालं. रात्री दोन वाजता फटाका फुटल्यासारखा आवाज, बायको घाबरून उठली, खाली जाऊन बघतो तर बूच छताला लागून पडलेलं आणि भिंतीवर फेस. तीन बाटल्या गेल्या, उरलेल्या सगळ्या उघडून परत कार्बॉयमध्ये ओतल्या. त्यानंतर ठरवलं की आपल्याकडे बारीक फिल्टर नाही तर आपण पूर्णच ड्राय करायची, आंबट तर आंबट. वाइनरीवाले थंड करून, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून ते ५-६ ग्रॅम बिनधास्त ठेवतात.

खापर_मांडे | रविवार, संध्याकाळी ६:४८

मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही पण एक विचारते. आंबटपणा कमीच करायचा असेल तर मुळात द्राक्ष जास्त पिकू द्यायचं ना? झाडावर अजून आठ दिवस ठेवलं की गोड होतं, हे तर कोणीही सांगेल.

निफाडी | रविवार, रात्री ८:३०

ताईंचा प्रश्न भारी आहे आणि उत्तर त्याच्यातच आहे. मी निफाडचा, घरी १२ एकर द्राक्ष, त्यातली ३ एकर वायनरीला करारावर जाते. सासुरवाडी साक्रीची म्हणून इथे येऊन बसतो.

बघा, आपली वेल वर्षभर हिरवीच. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. मण्यात पाणी उतरायला (मणी मऊ पडून गोडी धरायला) डिसेंबर-जानेवारी आणि काढणी फेब्रुवारी-मार्च. म्हणजे मणी जसजसा पिकत जातो तसतसा उन्हाळा जवळ येतो. आणि ह्यांच्याकडे काय, पाणी उतरतं ऑगस्टात आणि काढणी ऑक्टोबरात, म्हणजे मणी जसजसा पिकत जातो तसतशी थंडी जवळ येते. सगळा फरक इथे आहे, बाकी दगड-माती नंतर. आपल्याकडे अजून आठ दिवस ठेवलं तर साखर वाढते पण आम्ल धाडकन खाली येतं, मणी मऊ पडतो, वास जातो. त्यांच्याकडे आठ दिवस ठेवलं तर चव भरत जाते आणि आम्ल हळूहळू उतरतं, थांबायला सवड मिळते. आम्ही वाइनचा माल काढतो तो पहाटे, हेडटॉर्च लावून, दहाच्या आत क्रेट वायनरीत. तरी वायनरीवाले पुढे टार्टारिक ॲसिड घालतात. थंड देशात काही ठिकाणी उलटं, साखर घालावी लागते.

पण एक सांगतो, राग नका मानू. ड्राय व्हाइट ही काय रिसलिंगची मक्तेदारी नाही. नाशकात चेनिन, सोव्हिन्यॉ ब्लां ड्रायच होतात आणि चांगल्या होतात. सुलाची रिसलिंगसुद्धा आहे. लोकांना फॉरेनचं नाव लागतं बस.

प्रयोगशाळा_आण्णा | रविवार, रात्री ९:५५

मी निवृत्त शिक्षक, अमळनेर, रसायनशास्त्र. पीत नाही, पण रसायन सोडवत नाही म्हणून लिहितो.

निफाडी म्हणाले त्यामागचं कारण. द्राक्षात मुख्य आम्लं दोन. टार्टारिक, जे आपल्या चिंचेत असतं, आणि मॅलिक, जे हिरव्या सफरचंदात असतं. मणी पिकताना श्वसनात मॅलिक जळतं, आणि श्वसन उष्णतेबरोबर वाढतं. रात्र गार असेल तर ते मंदावतं आणि मॅलिक शिल्लक राहतं. टार्टारिक हे फारसं जळत नाही. म्हणून थंड जागेच्या द्राक्षात दोन्ही आंबट, गरम जागेच्या द्राक्षात मुख्यतः चिंच.

तापीकाठचा यांच्या कार्बॉयच्या तळाला बसली ती खडीसाखर म्हणजे पोटॅशियम बायटार्ट्रेट, बेकरीवाले ज्याला क्रीम ऑफ टार्टर म्हणतात. थंडीत त्याची विद्राव्यता कमी होते, स्फटिक खाली बसतात, विषारी वगैरे काही नाही. कुणाला बाटलीत काचेचा चुरा आहे असं वाटतं, तो हाच.

आणि कमी पीएचचा एक मोठा फायदा कोणी लिहिला नाही. सल्फर डायऑक्साइडचा जो भाग जंतूंवर काम करतो त्याचं प्रमाण पीएचवर अवलंबून. ०.८ मिलिग्रॅम कामाचा भाग हवा असेल तर पीएच ३.० ला मोकळा सल्फर डायऑक्साइड लिटरला १३ मिलिग्रॅम पुरतो, ३.५ ला तेवढ्याच कामाला ४० लागतो. तिप्पट. म्हणजे आंबट वाइन स्वतःच स्वतःला जपते. बाळांनो, लोणच्याचं तत्त्व वेगळं नाही.

आता प्रश्न: वास बिघडतो असं लिहिलंय तो कोणता वास?

तापीकाठचा | रविवार, रात्री १०:३०

आण्णा, नमस्कार. पहिल्या वर्षीची फजिती सांगतो, तुम्ही रागावाल. पाचव्या दिवशी बेसमेंटचं दार उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास. बायको म्हणाली ड्रेनेज फुटलं. प्लंबरला फोन करायच्या बेतात होतो, मग एअरलॉकला (कार्बॉयच्या तोंडावरची, वायू बाहेर सोडणारी नळी) नाक लावलं तर इथूनच. नंतर कळलं की तिकडच्या रिसलिंगच्या रसात यीस्टला लागणारा नायट्रोजन बरेचदा कमी असतो, यीस्ट उपाशी राहिलं की गंधकाचा वास सोडतं. सुरुवातीलाच खाद्य द्यायला हवं होतं, मी दिलं नाही. मग वाइन उंचावरून धार धरून दुसऱ्या भांड्यात ओतली, वास अर्धा गेला. उरलेल्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून तांब्याच्या पाइपचा तुकडा आणून स्वच्छ धुऊन त्याच्यावरून ओतली.

प्रयोगशाळा_आण्णा | रविवार, रात्री १०:४१

रागावलोच. तांबं हायड्रोजन सल्फाइडला धरतं हे खरं, पण आम्लात किती तांबं उतरलं ते मोजलं का? अंदाजपंचे दाहोदरसे करून लोकांना पाजायचं नाही. वर्गात असता तर बाकावर उभं केलं असतं.

तापीकाठचा | रविवार, रात्री १०:४४

ते वर्षभराचं सगळं सिंकमध्ये ओतलं आण्णा, कोणाला नाही पाजलं. पुढच्या वर्षीपासून खाद्य मोजून.

भरीत_एक्सपर्ट | सोमवार, सकाळी ९:०२

ते रॉकेलच्या वासाचं कोणीच बोललं नाही. वाइनला रॉकेल??

कोब्लेंझची_पाहुणी | सोमवार, दुपारी १२:१५

रॉकेल असतंच भाऊ, आणि जुन्या रीस्लिंगमध्ये थोडं असलं तर शौकीन लोक खुश होतात. त्या पदार्थाला टीडीएन म्हणतात. मण्यातल्या रंगद्रव्यांपासून बनतो, आणि घडावर ऊन जास्त पडलं, हवा गरम असली तर त्याचा कच्चा माल जास्त साठतो. मग बाटलीत वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतो. बाटली गरम ठेवली तर भराभर. म्हणून रावेरच्या कोठीत जे दहा वर्षांनी व्हायचं ते एका मे महिन्यात झालं! पानं किती काढायची ह्यावर इथे शेजारी-शेजारी भांडतात. पानं काढली तर हवा खेळते, घड कुजत नाही (रीस्लिंगचा घड लहान आणि गच्च, पावसात लगेच बुरशी धरतो), पण जास्त काढली तर रॉकेल.

आणि इथलीही थंडी बदलतेय हं. आइसवाइनला द्राक्ष वेलीवरच उणे ७ ला गोठावं लागतं, २०१९ च्या हंगामात अख्ख्या जर्मनीत एकाही ठिकाणी ते जमलं नाही. शेजारचे आजोबा म्हणतात पूर्वी आम्ही द्राक्ष पिकेल का म्हणून देवाला साकडं घालायचो, आता आंबटपणा राहील का म्हणून घालतो.

निफाडी | सोमवार, दुपारी २:४०

मग ऑस्ट्रेलियाचं काय? तिथे तर ऊन आपल्यासारखं, आणि क्लेअर व्हॅलीची ड्राय रिसलिंग नावाजलेली आहे ना?

तापीकाठचा | सोमवार, रात्री ९:१८

निफाडी भाऊ, चांगला मुद्दा. क्लेअर चारशे-पाचशे मीटर उंचीवर आहे, दिवसा ऊन पण रात्री पारा चांगलाच उतरतो, आण्णांनी सांगितलं तेच श्वसनाचं गणित. ते लोक काढणीही लवकर करतात. चव वेगळी मात्र, लिंबाची साल आणि टोस्ट, आणि रॉकेल लवकर येतं. त्यांच्याच लोकांनी २००० साली एकत्र येऊन रिसलिंगला बूच सोडून स्क्रूकॅप लावलं, कारण एवढ्या नाजूक वासाच्या वाइनमध्ये खराब बुचाचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास लगेच कळतो. मलाही आता वाटतं की स्क्रूकॅप असतं तर कोठीत निदान ओघळली नसती. शिजली असतीच.

आणि मक्तेदारीचं म्हणाल तर पटतं, ड्राय चेनिन मी नाशिकला प्यायलोय, मस्त होती. पण रिसलिंगला ओकच्या नव्या पिंपाचा आधार नाही, मॅलिकचं लॅक्टिक करून मऊ करायचं बहुतेक कोणी करत नाही, आणि ड्राय केली की साखरेचं पांघरूणही गेलं. आंघोळ करून टॉवेल गुंडाळून ओट्यावर उभा राहिलेला माणूस. वर्ष कसं गेलं ते सगळं दिसतं. त्याच बेसमेंटमध्ये त्याच यीस्टने केलेल्या माझ्या दोन वर्षांच्या वाइन वेगळ्या लागायच्या, फक्त एका वर्षी सप्टेंबरात पाऊस झाला होता म्हणून.

सातपुड्याचा_डोंगऱ्या | मंगळवार, सकाळी ६:५०

तोरणमाळचा विषय निघाला म्हणून लिहितो, मी धडगाव तालुक्यातला. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे, हिवाळ्यात रात्री जबरदस्त थंडी, तिकडे डाब, वालंबा भागात तर काही वर्षी गवतावरचं दव गोठतं, फोटो पेपरात येतात. डाबला आमच्या लोकांनी स्ट्रॉबेरी लावलीय, होते. पण तीच थंडी फेब्रुवारीच्या मध्यापासून पळते आणि मार्चमध्ये दुपारी ऊन चटका देतं. पाऊसही जूनपासून असा बदाबदा पडतो की वेलीवर काय काय रोग येतील.

अजून एक. बाहेरच्यांना वाटतं डोंगरात जमीन घेऊ आणि बाग लावू. ही आदिवासी जमीन आहे, सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, आणि नाही घेता येत तेच बरं आहे. कोणाला वीस वेली लावून बघायच्या असतील तर आमच्यातल्याच कोणाबरोबर बसून, त्याच्या बांधावर, त्याच्या नावाने. आणि दारूचं म्हणाल तर आमच्याकडे मोह आहे, त्याला थंडीची वाट बघावी लागत नाही, मार्च-एप्रिलात उन्हातच फुलं पडतात.

तापीकाठचा | मंगळवार, रात्री ८:०५

भाऊ, शेवटची ओळ वाचून निरुत्तर झालो. जमिनीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के, माझ्या डोक्यात जमीन घ्यायचं नव्हतं पण लिहिताना तसं वाटलं असेल तर चुकलं.

निफाडी | मंगळवार, रात्री ९:३०

डोंगऱ्या भाऊंनी सगळं सांगितलं. मी वीस वेलींच्या बाजूने आहे, पण हौस म्हणून. ११०-आर खुंटावर कलम, गोडी छाटणी थोडी आधी धरायची म्हणजे पाणी उतरणं नोव्हेंबरात येईल आणि पिकणं डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बसेल. पण आधी छाटली तर परतीच्या पावसात फुलोरा सापडतो, डाऊनी (केवडा रोग) आला की घड गळून दोरे उरतात. आणि मोझेलला उन्हाळ्यात दिवस १६ तासांचा, आपल्याकडे डिसेंबरात ११ तासांचा. थंडी मिळाली तरी उजेड कुठून आणणार?

खापर_मांडे | मंगळवार, रात्री १०:१२

ते सगळं राहू द्या, फ्रिजमधल्या दोन बाटल्यांचं काय झालं? आणि कशाबरोबर पितात ते तरी सांगा. आमच्याकडे शेवभाजी आहे उद्या.

कोब्लेंझची_पाहुणी | मंगळवार, रात्री १०:५०

शेवभाजीला ड्राय नको ताई, काळ्या मसाल्याच्या तिखटावर अल्कोहोल आणि आम्ल दोन्ही चढतात, तोंड पेटतं. तिथे ८ टक्क्यांची गोडसर काबिनेट. आणि बाटल्या फ्रिजमध्ये वर्षभर ठेवायला हरकत नाही, फक्त आडव्या, बूच ओलं राहिलं पाहिजे. फ्रिज कोरडा असतो.

तापीकाठचा | रविवार, रात्री ११:४८

रिपोर्ट देतो. आज शेतात भरीत पार्टी होती. बामणोदची हिरवी-पांढरी मोठी वांगी, तुरीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत ठेचून, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेल, सोबत कळण्याची पुरी. मंडळी बारा-तेरा. वडिलांनी विचारलं ती तुझी अमेरिकेची बाटली आणलीस का. आणली होती, बादलीत विहिरीचं पाणी आणि बर्फ घालून.

बूच सरळ निघालं, ओघळ नाही. रंग फिका पिवळा, कडेला हिरवट झाक. स्टीलच्या पेल्यांतच ओतली, काचेचे ग्लास शेतात कुठून आणणार. वांग्याच्या धुराच्या वासाला ती बरोबर बसली, तेलकटपणा दर घोटाला धुऊन निघत होता, पातीचा उग्रपणासुद्धा. आण्णा, दात नाही आंबले ह्या वेळी, पावणेतीन वर्षांत बरीच निवळलीय. रॉकेल अगदी मागून, नाक लावून शोधलं तर.

वडिलांनी डॉक्टरांच्या भीतीने दोनच घोट घेतले, पेला खाली ठेवला, आणि म्हणाले, "ह्याच्यात मीठ टाकलंय का?" नाही टाकलं म्हटलं. मग त्यांनी परत एक घोट घेतला आणि काकांना सांगायला लागले की यंदा थंडी लवकर आलीय, वरच्या बागेत उद्या रात्री पाणी सोडावं लागेल.

दुसरी बाटली मेथीखाली आडवी आहे.